वडगावातल्या सबवूफरची गुरगुर

तक्रार अशी होती: गाणं बंद, टीव्ही बंद, रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारी पेटी) सुद्धा बंद, तरी सबवूफर, म्हणजे ढोलासारखे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, गुरगुरतोच. रात्री हॉलमध्ये झोपणाऱ्याला तो आवाज सहन होत नाही. सबच्या मागे एक दिवा आहे. सिग्नल येत असला की निळा, काही वेळ सिग्नल नसला की लाल. गुरगुर चालू असेतोवर तो दिवा कधी लाल झालेलाच नव्हता.

घर बेळगावच्या वडगावातलं. खाली यंत्रमाग, भाड्याने दिलेले, वर मालकांचं बिऱ्हाड. वडगाव, खासबाग, शहापूर या भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. मालकांचा मुलगा उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला. त्याने कोल्हापुरातून ५.१ रिसीव्हर, पाच स्पीकर आणि १० इंची सबवूफर आणला होता. सबमध्ये स्वतःचा ॲम्प्लिफायर, थ्री-पिन प्लग. रिसीव्हर टीव्हीखालच्या कपाटात आणि सब समोरच्या म्हणजे मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कारण पुढे जागाच नव्हती. दोघांमध्ये साधारण १० मीटरची आरसीए वायर (आवाजाचा सिग्नल नेणारी, आत एक तार आणि तिच्याभोवती जाळी), भिंतीवरच्या केसिंग पट्टीतून विजेच्या वायरींबरोबरच ओढलेली.

मी पोचायच्या आधी या आवाजावर बरेच हात फिरून गेले होते. कुणी काय केलं ते आधी नोंदवतो, कारण उत्तर त्यातच होतं, फक्त कुणी सगळं एकत्र मांडलं नव्हतं.

दुकानदाराने सब बदलून दिला होता. नवा सबही तसाच गुरगुरला. मग कुणीतरी सांगितलं, व्होल्टेज कमी-जास्त होतंय, स्टॅबिलायझर लावा. लावला, काही फरक नाही. पडायचाही नव्हता. स्टॅबिलायझर फेजचं व्होल्टेज सांभाळतो, न्यूट्रल आणि अर्थ तो जशीच्या तशी पुढे सोडतो. तो स्टॅबिलायझर आता फ्रिजला लावलाय, तिथे निदान त्याचा उपयोग आहे.

त्यानंतर मुलाने ऑनलाइन एक छोटी डबी मागवली, आरसीए वायरीच्या मध्ये लावायची, ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून मिळते ती. आवाज गेला. पण सबही गेल्यासारखाच झाला. ढोल वाजतोय हे कळायचं, पण छातीत बसायचा नाही. या स्वस्त डब्यांमध्ये बोटाच्या पेराएवढे ट्रान्सफॉर्मर असतात. व्होल्टेज तेवढंच ठेवून फ्रीक्वेन्सी अर्धी केली की ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर चुंबकीय भार दुप्पट होतो. ५० हर्ट्झला जेमतेम टिकणारा गाभा २५ हर्ट्झला भरून जातो. गाडीतल्या साध्या स्टिरिओला ही डबी चालून जाते. सबवूफरचं कामच मुळात ८० हर्ट्झच्या खाली, तिथे ही नको त्या ठिकाणी कात्री लावते.

शेवटी एका पाहुण्याने सबच्या प्लगला टू-पिन अडॅप्टर लावून अर्थची पिन तोडली. आवाज पूर्ण बंद, बास शाबूत. सगळे खूश. मुलगा मात्र मशीन शॉपमधला, त्याच्या डोक्यात ते बसेना. मला फोनवर तो म्हणाला, "दादा, अर्थ काढल्यावर आवाज जायलाय म्हणजे अर्थमधेच काहीतरी हाय की! ते बघायचं सोडून पिन कशाला काढायची?" इतका नेमका ग्राहक क्वचित भेटतो.

अडॅप्टर काढून पिन परत जाग्यावर, हे पहिलं काम.

मागांवरचा संशय

घरातल्यांचा सगळ्यात जुना संशय खालच्या मागांवर होता. मोटरींमुळे लाइन खराब होते, असं सगळी गल्लीच म्हणते. मागांना वेगळा थ्री-फेज मीटर आणि स्वतःची वेगळी अर्थिंग आहे, त्यामुळे संशयाला बळ मिळालं होतं.

पण आवाज नीट ऐकला तर माग सुटतात. माग खटखटतो. धोटा मिनिटाला शंभराच्या वर वेळा इकडून तिकडे जातो, म्हणजे सेकंदाला दोनेक ठोके. ते स्लॅबमधून वर येतात आणि शोकेसच्या काचा थरथरतात, हे खरं. सबमधला आवाज मात्र अखंड, एकाच पट्टीतला. आणि माग बंद असले तरी तो होताच. मोटर सुरू होताना सबमधून बारीकसा 'टक' येतो, तेवढं मागांच्या नावावर लिहायला हरकत नाही. गुरगुर त्यांची नव्हती.

आवाज काय सांगतो

आपली वीज ५० हर्ट्झची. वायरिंगमधून शिरलेला आवाज बहुधा ५० हर्ट्झचा आणि त्याच्या विषम पटींचा, १५०, २५० असा असतो. ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर कपॅसिटर सुकला तर आवाज १०० हर्ट्झचा येतो, कारण रेक्टिफायर दोन्ही अर्धलहरी एकाच बाजूला वळवतो. ५० चा आवाज जाड आणि गोल, १०० चा जरा करवतीसारखा. सवयीने कान हे ओळखतो, पण खात्रीसाठी मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप लावून फोन सबच्या कोनाजवळ धरला. सगळ्यात उंच काठी ५० वर, मग १५० आणि २५०. १०० वर नगण्य. म्हणजे सबचा पॉवर सप्लाय ठीक असावा. नवा पीसही तसाच वाजला होता, त्याच्याशी हे जुळत होतं.

मग सबची आरसीए वायर काढली. सब शांत. इथे बरेच जण एक प्रयोग करतात आणि फसतात: वायरीचं सबकडचं टोक ठेवून रिसीव्हरकडचं काढतात. तसं केलं की सब आणखी मोठ्याने भणभणतो आणि माणूस म्हणतो, वायरच खराब. तसं नसतं. उघडं टोक अँटेनासारखं आजूबाजूच्या विजेच्या वायरींचं क्षेत्र पकडतं, कारण सबच्या इनपुटचा रोध हजारो ओहमचा. त्या टोकाला मधली तार आणि बाहेरची जाळी जोडून टाकणारा आरसीए प्लग लावायचा. मी असा एक सोल्डर केलेला प्लग किटमध्येच ठेवतो. तो लावला, सब शांत. सब निर्दोष, वायरही निर्दोष.

आता वायर रिसीव्हरला जोडली, पण रिसीव्हरचा विजेचा प्लगच भिंतीतून काढून ठेवला. गुरगुर परत आली. मेलेल्या रिसीव्हरमधून सिग्नल येणं शक्य नाही. आवाज येतोय तो वायरीच्या जाळीवरून.

आरसीए वायरीची जाळी दोन कामं करते. सिग्नलचा परतीचा रस्ता तीच आणि दोन पेट्यांची, म्हणजे सब आणि रिसीव्हरची, धातूची अंगं एकमेकांना जोडणारी तीच. एका पेटीचं अंग दुसरीपेक्षा थोडं जरी वेगळ्या व्होल्टेजवर असलं, तर जाळीतून करंट वाहतो. दोन्ही पेट्या वेगवेगळ्या वाटांनी अर्थला टेकल्या की या करंटचा फेरा पुरा होतो, त्यालाच ग्राउंड लूप म्हणतात. दहा मीटर स्वस्त वायरीच्या जाळीचा रोध अर्ध्या ओहमच्या घरात धरला आणि तिच्यातून २० मिलीअँपिअर गेले, तर टोकांमध्ये १० मिलीव्होल्ट पडतात. सबचं इनपुट हे १० मिलीव्होल्ट सिग्नल म्हणूनच घेतं आणि वाढवतं. रिसीव्हरचा आवाज शून्यावर नेला तरी फरक पडत नाही, कारण ही भेसळ त्याच्या पुढे होते. सबच्या मागचं गेन बटण (सबचा स्वतःचा आवाज वाढवणारं) फिरवलं तर मात्र आवाज कमी-जास्त होतो. ही खूण कुणीही घरी तपासू शकतं. आणि त्या निळ्या दिव्याचं कारणही हेच: सबला वाटतं, सिग्नल चालूच आहे.

रिसीव्हरला अर्थ येतो कुठून

रिसीव्हर टू-पिन आहे, त्याला अर्थच नाही, मग लूप कसला? हा प्रश्न मुलाने विचारला आणि तो रास्त होता. उत्तर एचडीएमआयमध्ये, म्हणजे टीव्ही आणि रिसीव्हर जोडणाऱ्या चित्र-आवाजाच्या वायरीत. टीव्ही थ्री-पिन, त्याचं अंग पुढच्या भिंतीच्या बोर्डातल्या अर्थला. एचडीएमआय वायरीच्या बाहेरच्या आवरणातून ती अर्थ रिसीव्हरच्या अंगावर येते. दुसरी वाट सेट-टॉप बॉक्सची. केबलची वायर खांबावरून येते, तिची जाळी गल्लीभर फिरून कुठेतरी जमिनीला टेकलेली असते. ती जाळी बॉक्सच्या अंगाला, तिथून एचडीएमआयने रिसीव्हरला.

आधी येऊन गेलेल्यांपैकी एकाने केबलची वायर काढून बघितली होती. गुरगुर राहिली, म्हणून त्याने ती परत लावली आणि केबल निर्दोष ठरवली. दुसऱ्याने लांब एक्स्टेन्शन टाकून सबला टीव्हीच्याच बोर्डातून वीज दिली होती. तरीही गुरगुर राहिली, म्हणून एक्स्टेन्शन गुंडाळून ठेवलं. दोन्ही चाचण्या बरोबर होत्या. चुकला तो परत लावण्याचा टप्पा. दोष दोन होते आणि एका वेळी एकच काढला जात होता. खानापुरी कौलांचं छप्पर दोन जागी गळत असलं तर एक कौल बदलून खालचं भांडं भरायचं थांबत नाही. म्हणून पहिलं कौल काही कुणी काढून परत फुटकं बसवत नाही.

माझी पद्धत उलट्या दिशेची. सगळं सोडवायचं, शांततेपासून सुरुवात करायची आणि एकेक जोडत यायचं. सब आणि रिसीव्हर एवढेच जोडले: शांत. टीव्हीची एचडीएमआय लावली: जाड, गोल गुरगुर. ती काढली आणि सेट-टॉप बॉक्स लावला, केबलच्या वायरीशिवाय: शांत. बॉक्सला केबलची वायर लावली: आता वेगळाच आवाज, जरा चिरका, भणभण म्हणावा असा. टीव्ही परत जोडला की दोन्ही एकत्र, म्हणजे तक्रारीतला मूळ आवाज. इतके दिवस एक समजला गेलेला आवाज वेगवेगळा ऐकू आला, तेव्हा निम्मं काम झालं होतं.

काकूंचं निरीक्षण

भणभणीचं मूळ केबल, हे कळलं. पण गोल गुरगुरीचं काय? टीव्ही आणि सब, दोघांची अर्थ घरातलीच. एकाच घरातल्या दोन सॉकेटच्या अर्थमध्ये फरक का असावा?

मुलाची आई चहा घेऊन आली. आमचं बोलणं ती बराच वेळ ऐकत होती. म्हणाली, "सकाळी आंघोळीच्या वेळेला जास्त करतंय बघा ते. मी ह्याला सांगिटलं तर म्हणतोय, तुला भास होतोय." मी विचारलं, "काकू, गिझर चालू असताना काय?" "होय की. गिझर बंद केला की कमी." हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

गिझर लावला. गुरगुर तिथल्या तिथे फुगली. बंद केला, उतरली. केबल काढून ठेवलेली असतानाही तसंच.

मग मल्टिमीटर. पुढच्या बोर्डाची अर्थ आणि मागच्या कोपऱ्यातल्या बोर्डाची अर्थ यांच्यामध्ये लांब वायर टाकून मोजलं. गिझर बंद असताना ०.१ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १.३. आता मागच्या बोर्डातच न्यूट्रल ते अर्थ मोजलं: शून्य. गिझर चालू केला: तरीही शून्य.

हा शून्य बघून आनंद व्हायचं कारण नाही. ठीकठाक वायरिंगमध्ये लोड वाढला की न्यूट्रल थोडी वर उचलली जाते, अर्थमधून करंट जात नसल्याने ती जागची हलत नाही, म्हणून दोघांमध्ये थोडं व्होल्टेज दिसायला हवं. लोड असतानाही सॉकेटवर सपाट शून्य म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ तिथेच, मागेच कुठेतरी एकत्र बांधलेल्या आहेत. निऑनचा टेस्टर हे दाखवत नाही. सॉकेटमध्ये खुपसायचे तीन दिव्यांचे टेस्टर मिळतात, तेही हसत 'सगळं बरोबर' म्हणतात.

आकडाही जुळत होता. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर घेतो. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला ७.४ ओहम, मेन बोर्डापासून मागची भिंत वायरीच्या वाटेने अंदाजे १८ मीटर, म्हणजे ०.१३ ओहम. गुणाकार १.१५ व्होल्टच्या जवळ. उरलेलं जुन्या जोडांमध्ये. सबची अर्थ पिन म्हणजे प्रत्यक्षात गिझरची न्यूट्रल होती, आणि गिझरच्या करंटने न्यूट्रल जेवढी उचलली जाई तेवढं सबमधून ऐकू येई.

बोर्ड मी उघडत नाही. माझं काम लाइन लेव्हलचं, म्हणजे उपकरणांमधल्या सिग्नलच्या वायरींचं. २३० व्होल्टच्या मागे हात घालायला लायसन्सवाला वायरमन बोलवायचा, हा माझा शिरस्ता. त्या घरचा नेहमीचा वायरमन कन्नड बोलणारा, मराठीही उत्तम. मेन बंद करून त्याने कोपऱ्यातला बोर्ड उघडला, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "इल्ली अर्थिंग बंदेऽ इल्ल री." अर्थ इथवर आलेलीच नव्हती. जुन्या वायरिंगमध्ये मागच्या भिंतीला दोनच वायरी होत्या. पुढे कधीतरी थ्री-पिन सॉकेट बसवताना कुणीतरी काळ्या वायरीचा दोन इंची तुकडा घेऊन न्यूट्रल आणि अर्थची पिन जोडून दिली होती. पिन रिकामी दिसू नये म्हणून.

गिझरचा बोर्डही याच लाइनवर, आणि त्यातही तसाच तुकडा.

इथे सबवूफर बाजूला राहिला. मेन बोर्ड आणि ही भिंत यांच्यामध्ये न्यूट्रल कुठे सुटली असती, तर गिझरच्या एलिमेंटमधून आलेली फेज त्या तुकड्यावरून सरळ गिझरच्या लोखंडी अंगावर आली असती, २३० व्होल्ट, आणि नळाला हात लावणाऱ्याला कळलंही नसतं. एमसीबी पडला नसता, कारण तो फक्त जादा करंटला पडतो. वायरमनने काकूंना साध्या शब्दांत सांगितलं, "गिझरला अर्थ न्हाईच की ओ तुमच्या. हे लाईटचं काम आधी करायचं हाय, गाण्याचं नंतर." काम त्याच दिवशी सुरू झालं.

दुरुस्ती

अर्थिंगचा खड्डा बघितला. वायरमनने अर्थ टेस्टर लावला, रोध ५ ओहमच्या आत. वडगाव-येळ्ळूर बाजूची जमीन काळी, ओल धरून ठेवणारी, त्यामुळे खड्डे बरे चालतात. हिंडलगा, बेळगुंदीकडे जांभा आणि मुरूम, तिथे एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी ओतायची आठवण ठेवावी लागते. इथे खड्ड्याला दोष नव्हता, त्याची वायर मागच्या भिंतीला पोचली नव्हती इतकंच.

मेन बोर्डाच्या अर्थ पट्टीपासून मागच्या भिंतीपर्यंत हिरवी वायर ओढली, दोन्ही तुकडे काढले. गिझरला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन आणि स्वतःचा एमसीबी. मग ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवला. तो चालू केला आणि फ्रिज सुरू होताच पडला.

मालक काकांनी लगेच सांगितलं, मागेही एकदा हा बसवला होता, सारखा पडायचा म्हणून काढून टाकला. त्या वेळच्या वायरमनने मशीनच खराब ठरवलं होतं. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट ताडून बघतो. पुढे घरात न्यूट्रल आणि अर्थ कुठेही भेटल्या, तर परतीचा काही करंट अर्थच्या वाटेने निसटतो, ताळा जुळत नाही आणि तो पडतो. म्हणजे अजून एक गाठ कुठेतरी बाकी होती. ती स्वयंपाकघराच्या बोर्डात सापडली. तिथे अर्थची वायर आलेली असूनही वर न्यूट्रलशी जोडून ठेवलेली. ती सोडवली, आरसीसीबी पडायचा थांबला. त्याचं टेस्ट बटण दाबून दाखवलं आणि महिन्यातून एकदा दाबायला सांगितलं. ते काम काकूंनी स्वतःकडे घेतलं.

सब परत जोडला, केबल काढलेलीच. गिझर चालू, बंद, चालू. काही नाही.

आता केबल. तिची सुटी जाळी आणि घरची अर्थ यांच्यामध्ये २.५ व्होल्ट एसी दिसले. नुसत्या मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, कारण टू-पिन उपकरणांच्या गळतीमुळे मीटरवर कधीकधी ८०-१०० व्होल्टसुद्धा दिसतात आणि त्यामागे दम काहीच नसतो. म्हणून मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर लावून परत मोजलं. २ व्होल्ट टिकले. गळती असती तर आकडा कोसळला असता. म्हणजे मागे खरा करंट आहे, दुसऱ्या कुठल्यातरी जमिनीवरून येणारा.

यावर दोन उपाय. केबल घरात शिरते तिथेच तिची जाळी घरच्या अर्थला जाड वायरीने बांधणे, हा पुस्तकी उपाय. पण मग गल्लीचा जो काही करंट आहे त्याला आपण आपल्या अर्थिंगचं दार उघडून देतो, आणि तो किती, कधी, यावर आपला ताबा नाही. मी दुसरा घेतला: बॉक्सच्या आधी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. ही छोटी धातूची नळी असते, आत मधल्या तारेत आणि जाळीतही कपॅसिटर. १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला ३० लाख ओहमच्या वर अडथळा करतो, १०० मेगाहर्ट्झला दीडेक ओहम. वीज अडते, चॅनेल जातात. सबच्या वायरीत लावलेल्या त्या डबीसारखं याने बासचं काही बिघडत नाही, कारण हा आवाजाच्या वाटेवर नाहीच. पण तो विजेच्या कडकडाटापासून वाचवत नाही. वळिवाच्या दिवसांत ढग भरून यायला लागले की, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, केबल हाताने काढायचीच.

आयसोलेटर लावला, सगळं जोडलं, सबचं गेन पूर्ण वाढवून कान कोनाला लावला. फक्त ॲम्प्लिफायरची नेहमीची बारीक सळसळ. थोड्या वेळाने मागचा दिवा लाल झाला.

उरलेली किरकोळ कामं पटकन. आरसीए वायर विजेच्या पट्टीतून काढून दुसऱ्या बाजूने फिरवली. वायरही बदलली: केबल टीव्हीची आरजी-६ घेऊन दोन टोकांना आरसीए बसवले. सबसाठी महागड्या वायरीपेक्षा ती तसूभरही कमी नाही. सबचं गेन पूर्ण आणि रिसीव्हरमध्ये सबची पातळी उणे १० अशी उलटी मांडणी होती. गेन निम्म्यावर आणलं, रिसीव्हरमध्ये पातळी वाढवली, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती हद्द) ८० हर्ट्झ. एवढ्याने सळसळही गेली. टोन जनरेटर (एका वेळी एकच सूर काढणारं साधन) ३० हर्ट्झपासून वर नेत गेलो तर ४२ च्या आसपास शोकेस बोलू लागलं. काचेच्या खोबणीत नमद्याच्या पट्ट्या आणि वरच्या फळीवरची पितळी समई दुसरीकडे. समई हलवायला काकू सहजासहजी तयार नव्हत्या.

खालच्या मागवाल्यानेही वर येऊन सगळं बघितलं आणि स्वतःच्या बोर्डांत असे तुकडे आहेत का ते तपासायला वायरमनला खाली नेलं.

निघताना मुलाने विचारलं, पावसाळ्यात केबल सारखी जाते, डिश घ्यायचा विचार आहे, मग हा आयसोलेटर तिथेही चालेल ना? चालणार नाही. डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट डीसी याच वायरीतून वर जातात, आयसोलेटर ते अडवेल आणि सिग्नलच येणार नाही. डिश आली की आयसोलेटर काढायचा आणि गच्चीवरच्या डिशच्या पाइपापासून हिरवी वायर थेट मेन बोर्डाच्या अर्थ पट्टीला आणायची, मागांच्या अर्थिंगला नाही, ती जवळ दिसली तरी. डिश बसवणारी पोरं घाईत असतात, वायर दिसेल त्या लोखंडाला गुंडाळून जातात. म्हणून ती यायच्या आधीच गच्चीपर्यंत हिरवी वायर ओढून ठेवायचं वायरमनशी ठरलं, लांबी मोजून झाली.